यादीतली दुसरी वस्ती

मुलाखतीत सरांनी मला संगणकाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

दिवाळीनंतर बीडच्या त्या कॉलेजात एक जागा मध्येच रिकामी झाली होती. तासिका तत्त्वावरची जागा, म्हणजे वर्ष संपलं की पुन्हा अर्ज आणि पुन्हा धाकधूक. मी उमापूरकडच्या आमच्या वस्तीवरून पहिल्या एसटीने आले होते. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, म्हणून मीच घर बंद करून किल्ली चुलतीकडे दिलेली. समोर तिघे बसले होते. दोघांनी गुण विचारले, अनुभव विचारला. तिसरे म्हणजे विभागप्रमुख. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात दोन पेन, दोन्ही एकाच रंगाचे. ते बराच वेळ माझ्या अर्जाकडे बघत बसले आणि म्हणाले, "घराला कुलूप लावून आलात?"

मी हो म्हणाले.

"नीट लागलंय?"

"हो सर."

"हे कशावरून?"

मला घाम फुटला. कुलूप ओढून बघितल्याचं आठवत होतं, पण आता तेही खात्रीनं सांगता येईना. पाठ केलेली सगळी उत्तरं डोक्यातून निघून गेली आणि घरची बोली तोंडातून निसटली. "आता हितून न्हाई सांगता येत, सर. गेल्यावर बघावं लागंल."

सरांचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिलं आणि मला ती जागा मिळाली. परतीच्या एसटीत मला नोकरीचा आनंद झालाच नाही. मी वाटभर कुलपाचाच विचार करत होते.

पुढे कळलं, सरांचा हा प्रश्न सगळ्यांसाठी होता. शिपाई सांगायचा की झेरॉक्सवाला येतोय, की सर विचारायचे, कशावरून? बसस्थानकावर कंडक्टर म्हणाला होता की गाडी चौसाळ्याला जाते. सरांनी त्यालाही विचारलं. तो म्हणाला, बोर्ड वाचा की. सर म्हणाले, बोर्ड काल पण हाच होता आणि गाडी गेवराईला गेली. त्यावर कंडक्टरने खाली उतरून स्वतः बोर्ड तपासला. बोर्ड खरोखर कालचाच होता.

लॅबला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे, फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. शेवटी त्यांनी शिपायाला साक्षीदार नेमलं. "लागलं ना हो? तुम्ही बघितलं ना?" शिपाई म्हणायचा, बघितलं सर. मग ते सायकलवर बसायचे. घरी त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणायचो, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. बाईंनी त्यांच्यापुरता नियम घालून दिला होता, की गॅस दोनदा बघायचा, तिसऱ्यांदा मी बघणार. बाई मला हसत सांगायच्या, "लग्नात मंगळसूत्र घातल्यावर यांनी गाठ ओढून पाहिली. भटजींचे मंत्र थांबले."

वर्गात ते फार चांगलं शिकवत, पण मुलं घाबरून असत. प्रोग्राम चालला म्हणून मुलगा खूश व्हायचा आणि सर म्हणायचे, आज चाललाय. कुणाचाही प्रोग्राम पूर्ण झाला असं त्यांनी कधी म्हटलं नाही. वहीवर शेरा असायचा, 'सध्या चूक सापडलेली नाही.' एका मुलीने परीक्षेत उत्तर लिहून खाली लिहिलं होतं, हे दोन सारख्या संख्या आल्या तर चालेल की नाही मला माहीत नाही. तिला सरांनी पूर्ण गुण दिले. दुसऱ्या वर्षी अर्ध्या वर्गाने प्रत्येक उत्तराखाली 'मला माहीत नाही' लिहिलं. त्यांना मात्र शून्य मिळालं.

सर मूळचे चौसाळ्याचे. दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी डॉक्टरेट केली होती. प्रोग्राम बरोबर आहे हे तो न चालवता कसं सिद्ध करायचं, हा त्यांचा विषय. त्यांचे गुरू त्यांना परदेशी पाठवणार होते. पण आई चौसाळा सोडायला तयार नव्हती आणि तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. ते परत आले, बीडला नोकरी धरली आणि आई गेल्यावरही बीडमध्येच राहिले. त्यांच्याबरोबरचे लोक पुढे मोठ्या पदांवर गेले. सर प्रपाठकच राहिले. प्राध्यापकपदासाठी शोधनिबंध लागत आणि सरांचे निबंध छापून येत नसत. परत येत म्हणून नव्हे. दोनदा त्यांचा निबंध स्वीकारला गेला आणि दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच पत्र लिहून तो मागे घेतला. तिसऱ्या पानावर मला शंका आहे, असं कारण त्यांनी दिलं होतं. संपादकांनी उलट कळवलं की आमच्या तज्ज्ञांना शंका नाही. सर मला ते पत्र दाखवून म्हणाले, "यांना शंका नाही, हेच मला बरं वाटत नाही."

स्टाफरूममध्ये त्यांची खूप थट्टा व्हायची. मीही हसायचे. आता सांगायला हरकत नाही.

मग तो दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला होता, दुसरा अर्धा गेला. मार्चमध्येच विहिरींचे तळ दिसू लागले. शेरडं-मेंढरं घेऊन लोक खाली गोदावरीकडे सरकले. गुरं छावण्यांत गेली आणि आमच्या भागातल्या सहकारी दूध संघात दूध येईनासं झालं. संघाचे टँकर नुसतेच उभे होते. संघाच्या चेअरमननी ते धुऊन घेतले आणि पिण्याचं पाणी पोचवायचं काम अंगावर घेतलं. काम चांगलंच होतं. पण ज्या गावचा आवाज मोठा तिथे टँकर दोनदा जायचा आणि लांबच्या वस्त्या हंडे मांडून बसायच्या. रोज भांडणं. एकदा तर ड्रायव्हरला खाली ओढलं.

चेअरमन आमच्या कॉलेजच्या संस्थेवरही होते. ते एक दिवस विभागात आले, सरांना म्हणाले की तुम्ही एवढे संगणकवाले, कोणता टँकर कोणत्या वस्तीला कोणत्या दिवशी, हे तुमच्या यंत्रातून काढून द्या. यंत्राने सांगितलं म्हटल्यावर कोणी भांडणार नाही.

सर नाही म्हणाले. असा प्रोग्राम लिहिता येईल, पण तो बरोबर आहे असं मला सांगता येणार नाही. चेअरमन हसले, म्हणाले, थोडं चुकलं तर चुकलं. सर म्हणाले, "साहेब, थोडं म्हणजे कोण?"

चेअरमन निघून गेले. पण ते सरांचं शेवटचं उत्तर ठरलं नाही आणि त्याला कारण मी आहे. त्याच आठवड्यात चुलतीचा निरोप आला होता, की आमच्या वस्तीवर अकरा दिवस टँकर नाही. मी सरांसमोर उभी राहिले आणि आजवर कधी बोलले नव्हते तसं बोलले. म्हणाले, तुमच्या खात्रीची वाट बघत लोक किती दिवस बसणार? तुमच्या चुकीच्या यादीपेक्षा आज जे चाललंय ते बरं आहे का? दुसऱ्या दिवशी सर लॅबमध्ये माझ्या आधी हजर होते आणि फळ्यावर रस्त्यांचा आराखडा काढलेला होता.

भारनियमनात दिवसातून काही तासच वीज असायची. त्या तासांत सर प्रोग्राम लिहायचे, मी याद्या टाइप करायचे. तलाठ्यांकडून आलेले हाती लिहिलेले कागद, त्यात गावाचं नाव, खाली वस्त्यांची नावं, प्रत्येकीची माणसं, अंतर. अक्षरं वाचता वाचता डोळे दुखायचे. चेअरमनचा फोन दिवसातून तीनदा यायचा. शेवटच्या दिवशी वीज जायला थोडा वेळ उरला होता. चौसाळ्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक गाव आहे, त्याचं पान माझ्यासमोर होतं. त्यात 'कोळेकर वस्ती' दोनदा आली होती, एकीखाली दोन नावं सोडून दुसरी. माणसांचा आकडाही जवळपास सारखा. तलाठ्याने चुकून दोनदा लिहिलं असणार. मी खालच्या नावावर पेन्सिलीने रेघ मारली, वरचं टाइप केलं आणि पुढच्या पानावर गेले. विचार करायला मला जेमतेम एक श्वास लागला असेल.

तक्ते छापून संघाच्या भिंतीवर लागले. खाली सरांची सही. भांडणं खरोखर कमी झाली. ड्रायव्हर खूश होते, कारण आता कागद दाखवता येत होता. आमच्या वस्तीवरही पाणी आलं. सगळे सरांचं कौतुक करू लागले आणि सर मात्र वाळत चालले. सकाळी टँकर भरायच्या जागी जाऊन उभे राहायचे, येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगायचे की तक्त्यात चूक असेल, सापडली की मला सांगा. ड्रायव्हर आपसात हसायचे. गफूरभाई नावाचे एक वयस्क ड्रायव्हर होते, ते एवढंच म्हणायचे, "सांगतो सर. तुमी च्या घ्या."

नवव्या दिवशी बातमी आली. डोंगरातल्या त्या गावची एक बाई, रुक्मिण, पाण्यासाठी जुन्या विहिरीत उतरताना पाय निसटून पडली. तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात आणलंय. दंडाचं हाड मोडलंय, पाठीला मार आहे, वाचेल की नाही सांगता येत नाही. वस्ती म्हणत होती, एवढ्या दिवसांत टँकर एकदाही आला नाही. तक्त्यावर तर कोळेकर वस्तीच्या खेपा लिहिलेल्या होत्या आणि खेप पोचल्याची गफूरभाईंची सही होती. मग पाणी गेलं कुठे? गफूरभाईंनी ते रस्त्यात विकलं, असं सगळ्यांनी ठरवलं. संघाने त्यांना घरी बसवलं.

मी हे स्टाफरूममध्ये ऐकलं. 'कोळेकर वस्ती' हे शब्द कानावर पडले आणि हातातला खडू चुरला. पेन्सिलीची ती रेघ डोळ्यांसमोर आली. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. मी उठले नाही. जून जवळ होता, माझा अर्ज त्याच चेअरमनच्या संस्थेपुढे जाणार होता. आई-वडील नुकतेच तोडीवरून परत आले होते आणि आईने सगळ्या वस्तीला सांगितलं होतं की आमची पोरगी मास्तरीण झाली. मी स्वतःची समजूत घातली की अजून नक्की काही माहीत नाही. सरांची भाषा मला अशी उपयोगी पडली.

बातमी ऐकली त्याच दिवशी सर मूळ कागद घेऊन लॅबमध्ये बसले. एका बाजूला तलाठ्यांच्या याद्या, दुसऱ्या बाजूला आमचा छापलेला तक्ता. ओळीखाली पट्टी ठेवायची, इकडे वाचायचं, तिकडे वाचायचं, बोट ठेवायचं, पुढे जायचं. मी समोरच्या टेबलावर वह्या तपासायचं सोंग करत होते. दोन दिवस ते चाललं. गठ्ठ्यात ते पान कितवं आहे हे मला माहीत होतं. पान उलटल्याचा आवाज आला की मी मनात एक आकडा कमी करायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पान वर आलं. पट्टी खाली सरकत गेली आणि एका ठिकाणी थांबली. सरांनी पाणी मागितलं. मी ग्लास दिला. पाणी पिऊन त्यांनी गठ्ठा बांधला आणि म्हणाले, "आज इथंच थांबू."

त्यांनी पाहिलं की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

दोन दिवसांनी संघाच्या संचालकांची बैठक होती. त्यात गफूरभाईंना कायमचं काढण्याचा विषय होता. सर म्हणाले, मी जातोय, तुम्ही येता का? मी गेले. हॉलमध्ये संचालक बसलेले, गफूरभाई दाराजवळ उभे, टोपी हातात. विषय निघाला तसे सर उठले.

"गफूरभाईंनी पाणी विकलेलं नाही," ते म्हणाले. "मी तलाठ्यांना विचारलं. त्या गावात कोळेकरांच्या दोन वस्त्या आहेत, एक डोंगराखाली, एक डोंगरावर. माझ्या तक्त्यात एकच होती. त्यांनी कागदात होती तिथे पाणी दिलं. प्रोग्राम माझा आहे. सही माझी आहे."

चेअरमननी चहा सांगितला आणि सरांना खिडकीशी नेलं. मी जवळच होते, मला ऐकू आलं. चेअरमन वाईट माणूस नव्हते, खरोखर समजावत होते. म्हणाले, "सर, ड्रायव्हर काय, दुसरा मिळतो. तुमच्यासारखा माणूस आमी कुठून आणायचा? तोंडानं बोललात, बास झालं. कागदावर काही देऊ नका."

सरांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो लिहूनच आणलेला होता. टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी तो उलगडून पुन्हा एकदा वाचला आणि एका ठिकाणी राहिलेला अनुस्वार दिला.

मी खुर्चीवर बसून होते. गफूरभाई सरांकडे बघत होते. मी जमिनीकडे.

पुढे व्हायचं ते झालं. पेपरात आलं की संगणकाने वस्तीचं पाणी तोडलं. कॉलेजने सरांचं विभागप्रमुखपद काढून घेतलं. मुलं फळ्यावर 'कशावरून?' लिहून ठेवू लागली. सर ते पुसून शिकवायला सुरुवात करायचे. तास संपला की सायकल घेऊन दवाखान्यात जायचे आणि बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आत जायची त्यांची हिंमत होत नव्हती. तिथे रुक्मिणची सासू, ठकूबाई, असायची. चार-पाच दिवस तिने या माणसाला बघितलं आणि शेवटी विचारलं, तुमचं कोन हाय आत? त्या दिवशी मी सरांबरोबर होते.

सर म्हणाले, "कुणी नाही. पाण्याची यादी मी केली होती."

ठकूबाईने विचारलं, "मग आमचं नाव कावून न्हाई घातलं?"

"दोन कोळेकर वस्त्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं."

"दोन कशाला?" ठकूबाई म्हणाली. "कोळेकर वस्ती म्हंजी खालची. आमाला समदे वरचे म्हंत्यात. तलाठ्यानं आमाला बी कोळेकर लिवलं, त्याला कोन इचारनार?"

सरांनी मान हलवली. घरी जाताना ते सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत राहिले. म्हणाले, "आपण लोकांना त्यांचं नाव विचारलंच नाही. कागदाला विचारलं."

रुक्मिण वाचली. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्या दिवशी सर बाकावर बसल्या बसल्या झोपले. बाईंना बोलावून त्यांना घरी न्यावं लागलं.

नंतर ते वेगळ्याच कामाला लागले. तक्त्यातल्या प्रत्येक वस्तीवर स्वतः जायचं. सुट्टी लागली होती. कधी एसटी, कधी सायकल. गफूरभाईंना संघाने परत घेतलं होतं, तेव्हा कधी त्यांचा टँकर. मी बरोबर असायचे. सर वस्तीवर पोचले की उन्हात उभं राहून एकच विचारायचे, तुम्हाला शेजारचे काय म्हणतात? लोकांना वाटायचं हा माणूस उन्हाने बिघडलाय. पण सांगायचे. वरचे, ओढ्यापलीकडचे, मेंढकेवाडा, जळकी वस्ती. सरकारी कागदात नसलेल्या कितीतरी वस्त्या अशा सापडल्या, ज्यांना कुठल्याच यादीत पाणी नव्हतं. सर प्रत्येकीला एक नंबर द्यायचे आणि तो भिंतीवर किंवा दगडावर गेरूने स्वतः लिहायचे. लिहून झालं की चार पावलं मागे जाऊन बघायचे, पुन्हा पुढे येऊन अंक गिरवायचे.

या सगळ्यात मी त्यांच्याबरोबर होते आणि गप्प होते. जेवण जात नव्हतं. आई म्हणायची, कावून वाळाली गं? एक दिवस आम्ही रस्त्याकडेच्या लिंबाखाली एसटीची वाट बघत होतो. सर वहीतली नावं मला वाचून दाखवत होते. मधेच मी म्हणाले, "सर, ती रेघ मी मारली होती."

त्यांनी वही मिटली नाही. "ठाऊक आहे," म्हणाले. "तुमच्या पेन्सिलीची होती."

"मग तुमी बोलला कावून न्हाई?"

"चूक प्रोग्रामचीच होती. एका नावावर रेघ मारली आणि तो काही न विचारता पुढे गेला. कागदावर वस्त्या किती आणि टाइप केल्या किती, हे त्याने विचारायला हवं होतं. तसा मी लिहिला नाही." एसटी येतेय का ते त्यांनी पाहिलं. "आणि तुम्ही सांगाल की नाही, हे मला कळत नव्हतं. त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटत होती."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, "गफूरभाईंना सांगितलंत?"

मी नाही म्हणाले.

"मला सांगून काय उपयोग? माझ्यावर कुणी चोरीचा आळ घेतला नव्हता."

गफूरभाईंना मी दुसऱ्या दिवशी टँकर भरायच्या जागी गाठलं. त्यांनी पाण्याचा पाइप धरून सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मी चोरी केली न्हाई हे मला म्हाईत होतं. पन बायकोनं एकदा इचारलं, खरं काय ते सांगा म्हनून. तेवढं जात न्हाई बगा मनातून." आणि टाकी भरली तसे ते पाइप काढायला वर चढले. मी संघालाही लेखी दिलं. त्या जूनमध्ये माझा अर्ज मंजूर झाला नाही. दोन वर्षं मी बीडमध्ये एका खाजगी क्लासमध्ये शिकवलं, आईने शेजारी काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. नंतर दुसऱ्या कॉलेजात लागले. सर प्रपाठक म्हणूनच निवृत्त झाले. पण त्यांचा एक निबंध छापून आला, एकाच नावाच्या दोन गोष्टी यंत्राने कशा ओळखाव्यात, यावर. तो त्यांनी मागे घेतला नाही. रोज सकाळी फोन करून मला विचारायचे की काढून घेऊ का, आणि मी रोज नको म्हणायचे. असं दोन महिने चाललं. शेवटी अंक हातात आला, तेव्हाच फोन थांबले.

हे सगळं नंतरचं. सांगायचं राहिलंय ते त्याच उन्हाळ्यातलं, किंवा उन्हाळा संपल्यावरचं. पण पाऊस नव्हता. जून कोरडा गेला होता आणि टँकर चालूच होते.

रुक्मिण दवाखान्यातून घरी गेली होती. मी सरांना म्हणाले, मला तिला भेटायचंय. आम्ही दोघं त्या गावात उतरलो, खालच्या वस्तीवरून डोंगराची वाट धरली. चढ सुरू झाला तिथे सर थांबले. म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी इथे बसतो. एका दगडावर बसले, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले. मी एकटी वर गेले.

सहा-सात घरं, मेंढरांचे रिकामे वाडे. रुक्मिण दारात बसली होती. माझ्यापेक्षा लहानच असेल. उजवा हात कोपरात वाकत नव्हता. मी कोण, काय केलं, ते मी सांगितलं. वाटेत जुळवलेली वाक्यं एकही आठवली नाहीत. ठकूबाई आत चुलीपाशी होती, ती ऐकत होती हे मला कळत होतं.

"आता घातलंय का नाव?" रुक्मिणने विचारलं.

"घातलंय."

"वाचा."

मी पिशवीतून नवा तक्ता काढला आणि वाचलं. वरची कोळेकर वस्ती. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आन खालच्यांचं?" मी म्हणाले, तेही आहे. ती 'बरं' म्हणाली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. आतून ठकूबाईने विचारलं की ते बाकावरचं मास्तर आलं न्हाई का. मी सांगितलं, खाली बसलेत. ठकूबाई बाहेर येऊन कड्यापाशी उभी राहिली आणि तिने हाक मारली. सर दगडावरून उठले. पुन्हा बसले. मग चढू लागले. वर येईपर्यंत त्यांना दम लागला होता, शर्ट भिजला होता. ते अंगणाच्या कडेलाच थांबले.

रुक्मिण उठली. डाव्या हाताने तिने रांजणातून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढे धरला. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाण्याकडे बघत राहिले. पिऊ की नको, असं त्यांचं चाललं होतं.

"प्या की," ती म्हणाली. "टँकरचंच हाय. मंगळवारी येतो आता."

सर प्यायले. एकही थेंब सांडू न देता, सावकाश, सगळा तांब्या.

"कवा कवा बुधवारी येतो," रुक्मिण म्हणाली.

सरांनी तांब्या खाली ठेवला. ओल्या हातानेच खिशातून वही काढली, पेन काढलं आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"बुधवारी कावून?" त्यांनी विचारलं.

आणि ती सांगू लागली.